पडवीसाठी तळात पाण्याची टाकी असलेल्या कुंड्या: थंडीच्या शेवटापासून कडक उन्हापर्यंत वापरल्यावर

या कुंड्या घ्याव्यात का, असं विचारणाऱ्यांसाठी उत्तर आधीच देते. पडवीत किंवा व्हरांड्यात वसंतातली हंगामी फुलं लावायची असतील तर जरूर घ्या. त्यात बागेतली माती भरून वापरायचा विचार असेल तर मात्र घेऊ नका. या दोन वाक्यांत जवळपास सगळं आलं, पण का ते सांगायला थोडी जागा लागेल.

पडवी ही फुलझाडांसाठी तशी अवघड जागा. डोक्यावर छप्पर असल्यामुळे पाऊस आणि दव नीट पोहोचत नाही, वारा आरपार वाहतो आणि ऊन एकाच बाजूने येतं. जमिनीतल्या झाडाची मुळं ओलाव्यामागे खोल जाऊ शकतात, कुंडीतल्या झाडाला तेवढ्याच मातीत भागवावं लागतं. पिटुनियासारखं रोप दुपारी मान टाकतं. संध्याकाळी पाणी दिलं की पानं सावरतात, पण त्या वेळी उमलायला आलेल्या कळ्या बऱ्याचदा वाळून जातात. वसंतात पडवी फुललेली हवी असेल तर ओलावा एकसारखा राहायला हवा. याच एका कारणासाठी मी या कुंड्या घेतल्या.

रचना साधी आहे. बाहेरच्या भांड्यात खाली टाकी, तिच्यावर जाळीचा तळ, आणि त्या तळातून टाकीत उतरणारी वात. काही नमुन्यांत वातीऐवजी पोकळ पाय असतो, त्यात मिश्रण दाबून भरायचं. कडेला पाणी ओतायची नळी, पातळी दाखवणारा तरंगता दांडा आणि जास्तीचं पाणी बाहेर जायला एक भोक. पाणी वर चढतं ते केशाकर्षणाने, म्हणजे मिश्रणातल्या बारीक पोकळ्या ते ओढून घेतात. वात घेताना पॉलिस्टर किंवा नायलॉनची घ्या. सुती वात सतत ओली राहून कुजते.

आता मिश्रणाबद्दल, कारण खरा फरक इथेच पडतो. बागेतली चिकण माती कुंडीत घट्ट बसते. खालून पाणी येत राहिलं की तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं कुजतात. उलट फार भरड मिश्रण पाणी वर ओढतच नाही. मला जमलेलं प्रमाण असं: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पर्लाइट (खडक तापवून फुगवलेले हलके पांढरे दाणे), एक भाग चाळलेलं गांडूळखत. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते भिजवून, पिळून, दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा. निथळणारं पाणी फिकट होईपर्यंत धुवायचं. कोकोपीटची 5 किलोची एक दाबलेली वीट पाण्यात फुगून साधारण 60 ते 70 लिटर होते, तेव्हा मोठं घमेलं किंवा टब हाताशी ठेवा. पर्लाइट कोरडं ओतू नका, त्याची धूळ नाकातोंडात जाते. आधी पाणी शिंपडायचं, मग मिसळायचं.

तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालायची सवय अनेकांना आहे. इथे ते अजिबात नको. खडीच्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढत नाही, आणि वात व मिश्रण यांचा संपर्कच तुटतो.

ही तयारी थंडी सरत आलेली असताना उरकलेली बरी. गुलाबाच्या छाटणीची वेळही तीच, डोळे फुगायला लागले की. त्यामुळे बागेचं काम आणि पडवीचं काम एकदमच होतं. पिटुनिया बियांपासून करायची असेल तर आणखी आधी सुरुवात करावी लागते. बाहेर लावण्याजोगं रोप व्हायला 10 ते 12 आठवडे जातात, आणि बी इतकं बारीक असतं की मातीवर नुसतं पसरायचं, झाकायचं नाही, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. बी या कुंड्यांत थेट टाकू नका. वरचा थर त्याला पुरेल इतका ओला राहत नाही. ट्रेमध्ये रोपं करा, 7 ते 10 दिवस रोज थोडा थोडा वेळ वाढवत बाहेरच्या हवेची सवय लावा आणि मग हलवा.

लावल्यावर सुरुवातीचे काही आठवडे झारीने वरूनच पाणी द्यायचं. मुळं खाली पोहोचली नाहीत तर टाकी भरून काही उपयोग नाही. नव्या पानांची वाढ जोरात दिसू लागली की टाकी भरायला सुरुवात. माहितीपत्रकात ही गोष्ट एका ओळीत उरकलेली होती. माझ्या मते ती सगळ्यात ठळक छापायला हवी होती.

निकाल मनापासून आवडला. पिटुनिया भरगच्च झाली, कडेने खाली लोंबली, आणि दुपारचं मान टाकणं जवळपास थांबलं. शेंडे वेळेवर खुडले आणि सुकलेली फुलं काढत राहिलं तर बहर तुटत नाही. अलिसम आणि कॅलेंड्युला छान आले. सावलीच्या कोपऱ्यात इम्पेशन्सने तर कमाल केली. पाण्याला हपापलेलं हे झाड या कुंडीसाठीच बनलंय असं वाटतं. पॅन्सी ऊन तापल्यावर संपली, पण तो तिचा स्वभाव आहे, कुंडीचा दोष नाही.

जरेनियमची खालची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा त्याला मातीच्या साध्या कुंडीत हलवलं, तिथे ते लगेच सावरलं. अडेनियम, पोर्तुलाका, कोरफड यांना तर या कुंड्या नकोतच. पाणी देण्यांच्या मध्ये ज्यांना कोरडं होणं आवडतं, त्यांना सततचा ओलावा सोसत नाही.

तक्रारी आहेत. पहिली म्हणजे मिश्रणावर येणारा पांढरा थर. पाणी खालून येतं, वरून उडून जातं आणि क्षार तिथेच साचतात. दर चार-सहा आठवड्यांनी वरून भरपूर पाणी ओतून, टाकीतलं सगळं बाहेर काढून कुंडी धुऊन घ्यावी लागते. याच कारणासाठी पातळ खत पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मंच देते. आवरण असलेलं, हळूहळू सुटणारं दाणेदार खत वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: त्यावर लिहिलेले महिने साधारण 21 अंश सेल्सिअस धरून असतात. उन्हात ते लवकर संपतं.

दुसरी तक्रार डासांची. माझ्या कुंड्यांपैकी काहींच्या पाणी ओतायच्या नळीला झाकणच नाही. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो, आणि टाकीत पाणी त्याहून जास्त दिवस राहू शकतं. नळीच्या तोंडाला आणि जास्तीच्या पाण्याच्या भोकाला बारीक जाळी बांधली, तेव्हापासून त्रास नाही. हे काम कंपनीने करून द्यायला हवं. त्या भोकाकडे अधूनमधून बघत जा, मुळांनी ते बुजलं आणि तिरपा पाऊस पडवीत आला तर कुंडीत तळं साचतं.

पातळी दाखवणारा दांडा सुरुवातीला उत्तम, नंतर शेवाळामुळे अडकायला लागला. आता कुंडी जराशी कलती करून वजनावरूनच अंदाज घेते. लांब बॉक्स कठड्याला टांगणाऱ्यांनी या वजनाचा आधीच विचार करावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, शिवाय ओल्या मिश्रणाचं वेगळं.

थंडीत भरलेली टाकी आठवडाभर सहज पुरायची. पूर्ण वाढलेली पिटुनिया कडक उन्हात ती दोन-तीन दिवसांत रिकामी करते. ‘पाणी घालायची कटकटच नाही’ अशी जाहिरात वाचून घेणाऱ्यांना हे माहीत असावं. कटकट कमी होते, आणि पाणी द्यायला एखाद दिवस उशीर झाला तरी झाड मरत नाही. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

आणखी कुंड्या घेणार आहे. या वेळी फिक्या रंगाच्या घेईन, गडद प्लास्टिक उन्हात फार तापतं. अपारदर्शक टाकीच्या घेईन, म्हणजे आत शेवाळ धरणार नाही. नळीला झाकण असलेल्या आणि अतिनील किरणांना टिकणाऱ्या प्लास्टिकच्या शोधते आहे, कारण साधं प्लास्टिक उन्हात कडक होऊन तडकतं. जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं तिथे टाकी थंडीपूर्वी पूर्ण रिकामी करावी. बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि टाकी फुटते.