मांजराची सर्दी: घरचा काढा की साधी वाफ?

मांजर शिंकायला लागलं, डोळे चिकटले, की बहुतेकदा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणू असतो. जळगाव-भुसावळकडच्या घरांत मग काढा तरी उकळतो, नाहीतर वाफ तरी दिली जाते. विषाणू दोन्हींनी मरत नाही. तरी मी ठामपणे वाफेच्या बाजूने आहे.

काढ्यात बऱ्याचदा लसूण पडतो. कांदा-लसणाने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात (म्हणून शेवभाजीचा रस्साही त्याला चाटवू नका). शिवाय जबरदस्तीने ओतलेला काढा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

वाफेसाठी न्हाणीघरात कढत पाण्याची बादली ठेवा, दार लावा आणि मांजराला बादलीपासून लांब धरून 10 मिनिटं बसा. शेंबूड सैल होतो, नाक मोकळं होतं. वास आला तरच मांजर तोंड लावतं. लगेच कोमट, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन द्या. पाण्यात निलगिरीचं तेल किंवा बाम थेंबभरही नको, मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. पॅरासिटामॉल तर जीवच घेतं.

दिवसभर काहीच खाल्लं नाही, धाप लागली किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर घरी थांबू नका, थेट पशुवैद्यकाकडे न्या.