कड काळी का होती, हे मी नीट विचारलंच नाही

लाकूड कापायचं ते मशीन अजून माझ्या गच्चीवरच्या खोलीत आहे आणि चालतंही. त्यामुळे घरबसल्या कमाईच्या योजनेत मी फसलो असं सांगितलं की लोक आधी मशीनकडे बघतात आणि म्हणतात, "अहो, वस्तू तर मिळाली ना?" मिळाली. फसवणूक वस्तूत नव्हतीच, म्हणून तर ती कळायला मला चार महिने लागले.

मी मिरजेत राहतो. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. लाकूड कापून जाळीकाम करायचा नाद जुना. सतारमेकर गल्लीतून लाकडाचे उरलेले तुकडे मागून आणायचे आणि फ्रेटसॉ घेऊन बसायचं. फ्रेटसॉ म्हणजे यू आकाराच्या चौकटीत ताणलेलं केसासारखं बारीक पातं. त्यावर मी नातेवाइकांच्या निम्म्या नेमप्लेटा केल्या आहेत. देवनागरी या कामाला फार सोयीची. शिरोरेषेला सगळी अक्षरं लटकलेली असतात, त्यामुळे नाव एकसंध राहतं. फक्त अनुस्वार छळतो. ते टिंब हवेत राहतं, त्याला कुठून तरी बारीक दांडी द्यावी लागते आणि मग ते चंद्रबिंदूसारखं दिसतं. 'पांडुरंग' नावाच्या साडूंनी त्यांची पाटी अजून लावलेली नाही.

हे सांगायचं कारण, मला या कामातलं अगदीच कळत नव्हतं असं नाही. उलट कळत होतं, आणि तेच पुढे नडलं.

मार्च २०२३ मध्ये मोबाइलवर जाहिरात आली. घरबसल्या महिना वीस ते पंचवीस हजार, स्क्रोल सॉ मशीन घ्या, कच्चा माल आमचा, तयार माल आम्हीच विकत घेणार. स्क्रोल सॉ ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी शिलाई मशीन डोळ्यांपुढे आणावं. पातं जागच्या जागी वरखाली होतं आणि लाकूड दोन्ही हातांनी त्याच्याभोवती फिरवायचं. मला ते किती तरी वर्षं हवं होतं. नुसत्या छंदासाठी घ्यायचं म्हटलं की आमची ही म्हणायची, "पाट्या फुकट वाटायला आणखी खर्च?" आता तर तोच छंद पैसे देणार होता.

ऑफिस पुण्याजवळ. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. आत सहा-सात मशीन मांडलेली, भिंतीवर चेक देताना-घेतानाचे फोटो. साहेब तिशीतले, पहिल्या वाक्यापासून "काका". त्यांनी नमुना माझ्या हातात दिला. दिवाळीच्या दिव्यापुढे ठेवायची पाच इंच व्यासाची गोल जाळी, तीन मिलिमीटर एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेल्या फळीची, मध्ये मोर आणि आत चौदा छिद्रं. काम अतिशय सुबक.

मी तो उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला. कड सगळीकडून सारखी गडद तपकिरी, जवळजवळ काळी. अंगठ्याला थोडी काजळी लागली, जळका वासही आला. मी म्हटलं, "कड जळलीय का?" साहेब म्हणाले, "ब्लेडच्या घर्षणानं होतं काका, तुम्हाला तर माहीतच असेल."

आता हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलेलंच गळी उतरतं. पातं बोथट झालं, वेग जास्त ठेवला, तर लाकूड जळतं. पण ते वळणावर जळतं, ठिगळाठिगळानं. सरळ भागात कड स्वच्छ असते. चौदाही छिद्रांची कड आतून-बाहेरून एकसारखी काळी, असं पात्यानं होत नाही. हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळायला हवं होतं. पण "तुम्हाला तर माहीतच असेल" म्हटल्यावर, माहीत नाही असं म्हणायला जीभ रेटली नाही.

ट्रेनिंग दीड तासाचं. शिकवणाऱ्या मुलानं बाहेरचा गोल कापला, आतली दोन मोठी छिद्रं कापली, आणि मग टीव्हीवरच्या पाककृतीसारखा टेबलाखालून आधीच तयार असलेला मोर काढून म्हणाला, "पुढं हे असं होतं." आम्ही अकरा जण होतो. उरलेली बारा छिद्रं कापून दाखव, असं एकानंही म्हटलं नाही.

पॅकेज ६४,९०० रुपये. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार, नोटरीचा शिक्का. एका नगाला ३८ रुपये, महिन्याला ६०० नग, म्हणजे २२,८०० रुपये. मी करार वाचला होता, हेही कबूल करतो. नववं कलम होतं : माल कंपनीने दिलेल्या नमुन्याबरहुकूम असल्यासच स्वीकारला जाईल. मला ते रास्तच वाटलं. वर्कशॉपमध्ये आम्हीही मापात नसलेला पार्ट परत पाठवायचोच की.

घरी मशीन आलं आणि दुसऱ्याच दिवशी एक अडचण लक्षात आली. या मशीनला फक्त पिनवाली पाती बसत होती. पात्याच्या दोन्ही टोकांना आडवी बारीक पिन असते, ती खोबणीत अडकवायची. बदलायला सोपं. पण आतलं छिद्र कापायचं म्हणजे आधी गिरमिटानं भोक पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं, पुन्हा ताण द्यायचा. पिनसकट पातं आत जायला चांगलं मोठं भोक लागतं. बिनपिनेचं बारीक पातं असेल तर मिलिमीटरभराचं पुरतं. आणि नमुन्यातल्या मोराच्या तुऱ्यात दोन फटी होत्या, दोन मिलिमीटरहूनही अरुंद.

तिथंच थांबायला हवं होतं. जे मशीन त्यांनी दिलं त्याचं पातं ज्या फटीत शिरूच शकत नाही, ती फट त्या मशीनवर कापलेली असेल कशी? मी हा प्रश्न केला नाही. मी माझा जुना फ्रेटसॉ काढला आणि त्या दोन फटी हातानं कापल्या. वर हिला बोलावून दाखवलं, की बघ, अनुभव असा कामाला येतो!

एका नगाला बावीस मिनिटं लागत होती. सहाशे नगांचा हिशेब केला तर २२० तास, म्हणजे महिन्याचे सव्वीस दिवस रोज साडेआठ तास. एमडीएफमधल्या डिंकानं पाती लवकर बोथट होतात. चार-पाच नगांमागे एक पातं जायचं, आणि पाती कंपनीकडूनच घ्यायची अट. तरी पन्नास नग पूर्ण करून मी स्वतः पुण्याला नेऊन दिले. सगळे पास. जागेवर १,९०० रुपये मोबाइलवर जमा. साहेब म्हणाले, "काका, दोन शब्द बोला ना कॅमेऱ्यापुढं." बोललो. निवृत्तीनंतर हाताला काम मिळालं, घामाचे पैसे मिळाले, वगैरे.

तो व्हिडिओ त्यांनी महिनाभर जाहिरातीत चालवला. आमच्या ओळीतल्या शेजाऱ्यांच्या सूनबाईनं तो पाहिला आणि मला येऊन विचारलं, "काका, खरंच देतात का हो पैसे?" मी मोबाइल उघडून १,९०० जमा झाल्याचा मेसेज दाखवला. तिनं पाटल्या सोनेतारणात ठेवून पॅकेज घेतलं. एसटीतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानंही घेतलं. ६४,९०० रुपयांची आणखी दोन पॅकेजं खपवायला त्यांना १,९०० रुपये पुरले.

दुसऱ्या खेपेला मी तीनशे नग केले. वेळ वाचावा म्हणून चार थर एकावर एक चिकटवून एकदम कापायचो, वर पॅकिंगची चिकटपट्टी लावायची म्हणजे पातं कमी तापतं. या कामातली नेहमीची युक्ती आहे. खालच्या थराला जरा फरक पडतो, पातं तिरकं जातं, म्हणून मी प्रत्येक नग कानशीनं साफ केला. कुरिअरनं पाठवला. दहा दिवसांनी निरोप : २८७ नग नापास, 'फिनिश नमुन्याप्रमाणे नाही'. परत पाठवायचा खर्च माझा, शिवाय खराब झालेल्या कच्च्या मालाची कपात. सूनबाईचे चाळीस नग होते, ते चाळीसही नापास. तिच्याकडे फ्रेटसॉ नव्हता. तुऱ्यातल्या फटी तिनं गिरमिटाच्या भोकाएवढ्या सोडल्या होत्या, आणि ट्रेनिंगमधल्या मुलानं "चालेल ताई" म्हणून सांगितलं होतं.

त्या रात्री मी नमुना आणि माझा नग शेजारी ठेवून बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसलो. माझ्या नगात आतले कोपरे किंचित गोल, कारण पात्याला रुंदी असते आणि त्याला वळायला जागा लागते. नमुन्यातले कोपरे सुईच्या टोकासारखे. माझ्या कडेवर भिंग धरलं की दात्यांच्या बारीक रेघा दिसतात. नमुन्यावर एकही रेघ नाही, नुसती काळी गुळगुळीत कड. दुसऱ्या दिवशी सांगलीत लग्नपत्रिका आणि ट्रॉफ्या करणाऱ्या एका दुकानात तो नेला. तिथल्या मुलानं हातातही घेतला नाही. लांबूनच म्हणाला, "लेझर कटिंग आहे. असे किती हवेत?"

लेझरवर तो नग दोन-चार मिनिटांत होतो, आणि एमडीएफची कड जळून काळी पडते, सगळीकडे सारखी. म्हणजे नमुना लेझरचा आणि मशीन पात्याचं. नववं कलम कुणालाही, कितीही कसबी माणसाला, कधीच पाळता येणार नव्हतं. पास कोणाला करायचं आणि नापास कोणाला, हे त्यांच्या मर्जीवर. मला पन्नास नगांपुरतं पास केलं, कारण मला बोलता येत होतं.

मग बाकीचंही उकरलं. मशीनवरचं कंपनीचं स्टिकर सोलल्यावर खाली दुसऱ्याच नावाचं, ८५ वॅट लिहिलेलं लेबल निघालं. तोंडी अडीचशे सांगितलं होतं. भाच्यानं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चौकशी केली, तर तसलंच मशीन साडेअकरा हजारांना. पावत्या दोन होत्या, एक मशीनची २९,५०० ची आणि दुसरी 'नोंदणी व प्रशिक्षण शुल्क, परतावा नाही' अशी ३५,४०० ची. पैसे देताना मी फक्त बेरीज तपासली होती. पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. तो क्रमांक कोणालाही, लॉगिन न करता, दोन मिनिटांत तपासता येतो. पैसे भरायच्या आधीही.

ऑफिसला गेलो तेव्हा साहेब भेटले नाहीत. 'क्वालिटी मॅडम' म्हणाल्या, "सर, करारात लिहिलंय ना." काकाचा सर झाला होता.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ऐकवलं गेलं की हा दिवाणी मामला आहे, तुम्ही सही केलीय. अर्ज मात्र दिला आणि पोच घेतली. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय उठू नका. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तिथून जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता कळला. अनेक जण या टप्प्यावर मागे फिरतात, कारण समोरचा वकील नोटीस धाडतो की तुम्ही धंद्यासाठी मशीन घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. मलाही तशी नोटीस आली. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सरळ लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर घेणारा ग्राहकच ठरतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती "उद्या पेमेंट सोडतो" ऐकण्यात भराभर संपते. सहकारी तसाच झुलत राहिला आणि शेवटी कंटाळून मशीन भंगारात देऊन मोकळा झाला.

असली योजना द्रोण-पत्रावळीच्या मशीनची असते, अगरबत्तीची असते, फुलवातीची असते. मशीन कोणतंही असो, माझं एवढंच सांगणं आहे की त्यांचा नमुना त्यांच्याच माणसाकडून, त्यांच्याच मशीनवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्यासमोर करून घ्या. चौदा छिद्रं तर चौदा. वेळ लागू दे. चहा प्या दोनदा. आणि तयार माल ते पुढे कोणाला विकतात त्या दुकानाचं नाव विचारा, तिथं जाऊन ती वस्तू मांडलेली आहे का बघा. जो माल खरंच खपतो तो कुठल्या तरी दुकानात दिसतोच.

सूनबाईच्या सोनेतारणाचं व्याज मी भरतो. ती नको म्हणते, तिचे सासरे काहीच म्हणत नाहीत, आणि ते काहीच म्हणत नाहीत हे मला जास्त जड जातं. माझा व्हिडिओ काढून टाका म्हणून मी तीनदा लिहिलं. शेवटी तो गेला, पण माझ्या लिहिण्यानं नाही, त्यांचं पानच बंद झालं. आता म्हणे नाव बदलून दुसऱ्या जिल्ह्यात ऑफिस आहे.

मशीनला मी बिनपिनेच्या पात्यांचे चिमटे बसवून घेतले आहेत. त्यावर नेमप्लेटा छान होतात. तो लेझरचा मोर मात्र कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलाय. पुढच्या तारखेला तो आयोगापुढे मांडायचा आहे, आणि वकिलांनी बजावलंय की तोवर त्याला सारखा हात लावू नका, कडेची काजळी पुसली जाईल.