घड्याळात ११६, रक्तात ४८

बाबांना इन्शुलिन सुरू होऊन ११ वर्षं झाली. रोज बोट टोचून घ्यायचं त्यांच्या अगदी जिवावर येतं. म्हणून 'बोट न टोचता शुगर, बीपी, ऑक्सिजन' अशी घड्याळाची जाहिरात मोबाइलवर दिसली, तेव्हा मी लगेच २,९९९ रुपयांना मागवलं. पैसे हातात पडेपर्यंत कुरिअरवाल्याने पार्सल उघडू दिलं नाही.

पहिले काही दिवस बाबा खूश होते. उपाशीपोटी ११२, जेवणानंतर ११९. होळीला दोन पुरणपोळ्या खाल्ल्या तरी १२१! आईला तेव्हाच खटकलं. "पोळी खाऊन एवढीच कशी वाढेल?" मी तिचं ऐकलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. ग्लुकोमीटर कपाटात गेला, नव्या पट्ट्या आणणं बंद झालं.

एका पहाटे साडेचारला बाबा घामाने भिजून जागे झाले. हात थरथरत होते. घड्याळात ११६. "शुगर ठीक आहे, पित्त झालं असेल," म्हणत ते परत आडवे झाले. त्यांची जीभ जड झाल्याचं आईच्या लक्षात आलं आणि तिने मला हाक मारली. जुन्या डबीत दोनच पट्ट्या उरल्या होत्या. पहिलीवर आकडा आला ४८. साखर ७० च्या खाली गेली की धोका, हे आम्हाला पाठ होतं. साखरेचं पाणी पाजलं, १५ मिनिटं थांबलो, दुसऱ्या पट्टीवर ८३ आले. मनगटावर तेव्हाही ११५ होते.

उजाडल्यावर मी ते घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधलं. अर्ध्या मिनिटात टॉवेलची शुगर ११४, बीपी १२२/७९.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. मागच्या हिरव्या उजेडावरून नाडी कळते, लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशावरून ऑक्सिजनचा अंदाज येतो. साखर कळत नाही. कातडीला न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) २१ फेब्रुवारी २०२४ रोजीच दिला होता. साखर मोजायला दंडावर चिकटवतात तो सेन्सर वेगळा, त्याची बारीक तार कातडीखाली जाते. बीपीसाठीही दंडाला पट्टा बांधूनच मोजा, असं डॉक्टरांनी बजावलं.

विक्रेत्याचा नंबर बंद आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. ते न आले तरी चालतील, पण घरात कुणी असल्या घड्याळावर इन्शुलिनचा डोस ठरवत असेल तर कृपा करून तसं ठरवणं आजच थांबवा. टॉवेलला बांधून बघा. आकडा आला नाही, तरीही साखरेसाठी त्यावर विसंबू नका.

दवाखान्यातल्या सिस्टरनी बाबांना बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायला शिकवलं. तिथे कमी दुखतं. ११ वर्षांत हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.