पीं-पीं वाजणारे बूट : पाचपैकी दोन, तेही शिट्टीचे

बूट वाजतात मात्र झकास. जमेची बाजू आधीच सांगून टाकते, कारण पुढं कौतुकाचं फारसं काही यायचं नाही.

लेकीच्या दुसऱ्या वाढदिवसाला नणंदेनं लातूरच्या गंजगोलाईतून आणले. लालभडक, वर चमकीचं फुलपाखरू, टाच टेकली की पीं आणि सोबत लाइट. साडेतीनशे सांगितले, घासाघीस करून तीनशेला दिले. औशाला आमच्या घरात शहाबादी फरशी, तिच्यावर तर आवाज गल्लीच्या टोकाला जातो. पोळ्या लाटता लाटता लेकरू कुठं गेलंय ते न उठता कळतं, ही सोय मोठीच.

आता बूट हातात घेऊन बघा. टाचेत प्लास्टिकची गोल डबी, तिच्यात शिट्टी. ती बसावी म्हणून तळ जाड केलेला. चालताना पाय चवड्यापाशी मुडपतो, म्हणजे बुटानंही तिथंच वाकायला पाहिजे. मी दोन्ही हातांनी जोर लावला, तर हा तिथं वाकायचं नाव घेत नाही. आतून रेक्झिन, त्यामुळं आपल्याकडच्या मे महिन्यात पाय घामानं चिंब. आणि शिलाईचा एक जाड वळ आतल्या बाजूनं येतो, तो नेमका करंगळीवर. त्यात आवाज काढायच्या नादात पोरगी टाचा आपटत चालते, पंधरा ऑगस्टच्या परेडला निघाल्यासारखी.

माप एक नंबर मोठं. ‘वाढता पाय आहे, दिवाळीपर्यंत चालतील,’ असं दुकानदारानंच नणंदेला सांगितलेलं. पण मोठ्या बुटात पाय पुढंमागं घसरतो, आणि बूट निसटू नये म्हणून लेकरू बोटं आकसून धरतं.

थोड्याच दिवसांत ती डाव्या पायानं लंगडायला लागली. बूट काढल्यावरही थोडा वेळ लंगडायची. सासूबाईंनी दृष्ट काढली. शेजारच्या काकूंनी ‘तळवे सपाट आहेत, स्पेशल बूट आणा’ म्हणून निदानही करून टाकलं. आम्ही लातूरला बालरोगतज्ज्ञांकडं नेलं.

डॉक्टरांनी पायाला हात लावायच्या आधी प्रश्नच विचारले. ताप आला होता का? कुठं पडली का? बागेत कुणी तिला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून आलं का? शेवटचा प्रश्न ऐकून मी चक्रावलेच. घसरताना लेकराचा पाय कडेला अडकतो, मागून वजन मोठ्या माणसाचं, आणि नडगीच्या हाडाला बारीकशी तिरपी चीर जाते. सूज फारशी नसते, पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही. लेकरू फक्त पाय टेकवायला नको म्हणतं. सर्दी-खोकला होऊन गेल्यावर खुब्याच्या सांध्याला सूज येऊनही लेकरं लंगडतात, ती बहुतेक वेळा आपोआप ओसरते. पण ताप आहे, पाय टेकवत नाही, हात लावू देत नाही, असं असलं तर सांध्यात पू झालेला असू शकतो. मग तेल चोळत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

मग तपासणी. तळव्यात काटा रुतलाय का बघितलं, कारण आमच्या अंगणात सराटे आहेत हे मी सांगितलं होतं. नखांचे कोपरे बघितले. बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडल्या. आईचा लांब केस किंवा मोज्याचा धागा बोटाला गुंडाळून असा आवळला जातो म्हणे, की बोट सुजून निळं पडतं. मग तिला उताणी झोपवून दोन्ही मांड्या बाहेर फाकवून बघितल्या. खुबा जन्मापासून सरकलेला असला तर लेकरू काही दुखत नसताना झुलत चालतं. सगळं ठीक निघालं. सापडला तो करंगळीवरचा फोड, बरोबर त्या शिलाईच्या वळाखाली.

सपाट तळव्यांचं मी विचारलंच, काकूंना उत्तर द्यायचं होतं ना. डॉक्टरांनी टेबलावर बिस्किटाचा पुडा ठेवला. पोरगी चवड्यांवर उभी राहून हात लांबवायला लागली, तशी तळव्याला कमान आली. ‘ताई, पाच-सहा वर्षांपर्यंत तळवा असा सपाट दिसतोच. दुखत नाही, ताठ नाही, मग बुटावर पैसे कशाला घालता?’ पायाला बाकही दोन वर्षांपर्यंत असायचाच, पुढं तीन-चारला उलट गुडघे घासतात आणि सातेक वर्षांपर्यंत पाय सरळ होतात. बाक एकाच पायाला असला किंवा वाढत चालला तर मात्र दाखवायचं, मुडदूस असू शकतो.

घरात अनवाणी फिरू दिलं, फोड वाळला, लंगडणं गेलं. आता मऊ तळाचे कापडी बूट घेतलेत, फक्त बाहेर जाताना घालायला. माप घ्यायची रीत डॉक्टरांनीच सांगितली. लेकराला उभं करून दोन्ही पाय पुठ्ठ्यावर आखायचे, कापायचे आणि तो पुठ्ठा बुटात सरकवून बघायचा. पुढं साधारण एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. पुठ्ठा दुमडला तर बूट तिथंच ठेवून यायचे. पाय भराभर वाढतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी परत आखायचे.

लाल बूट परत द्यायला गेले, तर दुकानातल्या पोरानं टाच दाबून बघितली. ‘वाजतोय की ताई, मग वापस कशाला?’ बदलूनही दिले नाहीत. घ्यायचेच असतील तर हे आधी विचारून घ्या.