सेशन गिटार की स्वतःची गाणी?

सांगलीच्या विश्रामबागेतला एक मुलगा उत्तम गिटार वाजवतो. सेशन वाजवावं, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला पैसे घेऊन वाजवावं, की स्वतःची गाणी रचावीत, हे त्याचं ठरत नाहीये.

पैसा आधी. सेशनचे पैसे लवकर मिळतात, पण बहुधा एकदाच. गाण्यात सुरुवातीला हात रिकामाच. मात्र 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर सिनेमागृह वगळून इतरत्र गाणं वापरलं की गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखीव आहे, आणि हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद होऊन गाणी नोंदवायला हवीत. बरेच जण ते करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. सेशनमध्ये गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा (इंट्रो) तुम्ही रचलात, तरी आधी ठरवल्याशिवाय संगीतकार म्हणून नाव लागत नाही.

मेहनत: सेशनला क्लिकवर (हेडफोनमधल्या तालाच्या टिकटिकीवर) अचूक वाजवणं आणि नोटेशन (लिहिलेले स्वर) वाचणं जमायला हवं, नायलॉनच्या तारांच्या गिटारपासून इलेक्ट्रिकपर्यंत सगळ्यांवर हात हवा. घरून ट्रॅक पाठवता येतात, पण ओळखी मुंबईतच होतात; महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या फेऱ्या आल्याच. गाणी सांगलीत बसूनही होतात.

घर लगेच चालवायचं असेल त्याने सेशन धरावं. घरचा आधार असेल आणि चाली सुचत असतील त्याने गाणी. या मुलाला मी आधी सेशनच सुचवेन, पण सुचलेली प्रत्येक चाल त्याने फोनवर रेकॉर्ड करून ठेवावी.