पाठीवरची ओबी व्हॅन: लाइव्ह बॅकपॅक वापरून पाहिल्यावर

मी टीव्हीची बातमीदार. अर्धी नोकरी ओबी व्हॅनच्या, म्हणजे उपग्रहामार्फत थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाडीच्या, डिशखाली गेली, आता ही पाठपिशवी. आत बरेच मोडेम, वेगवेगळ्या कंपन्यांची सिम. चित्राचे तुकडे मिळेल त्या नेटवर्कवरून जातात आणि स्टुडिओत पुन्हा जुळतात. व्हॅन शिरत नाही त्या बोळातून चालत चालत लाइव्ह देता येतं, त्यासाठी पैकीच्या पैकी.

पण मोर्चा असला की सगळे टॉवर एकदम तुंबतात. मग कितीही सिम असोत, चित्राचे चौकोन होतात. ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाला गर्दीचं सोयरसुतक नसतं, तिथे डिशच सरस. शिवाय पाठपिशवीला एक-दोन सेकंदांचा उशीर. अँकरने प्रश्न विचारला, मी लगेच बोलले, तरी उत्तर पोहोचेपर्यंत पडद्यावर मी मख्ख! घरचे समजतात, हिला काही माहीत नाही. इअरपीसच्या फीडमधून, म्हणजे स्टुडिओतून कानात येणाऱ्या आवाजातून, स्वतःचा आवाज मात्र आधीच वगळून घ्या. तो उशिरा परत कानात आला की भलेभले अडखळतात.

बॅटरी उन्हात लवकर मान टाकते, जादा जोडी हवीच. पट्टे कसे आहेत ते कॅमेरामनला विचारा, ओझं तोच वाहतो.