पालजवळ सुकीकाठचं कॅम्पिंग: दोन रात्री राहून आल्यावर

अमळनेरला माझा मंडपाचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. बत्तीस वर्षं झाली, मी कापड, बांबू, दोर आणि खुंट्यांच्यातच आहे. कुठेही तंबू दिसला की आधी खुंटी बघतो, मग दोराचा ताण, मग जमीन कुठल्या अंगाला उतरती आहे ते. धुंधुरमासात लग्नं नसतात, आमच्या लोकांना तेवढीच सुट्टी. म्हणून जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी आई, बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन जळगाव जिल्ह्यात, सातपुड्यातल्या पाल गावाच्या अलीकडे सुकी नदीच्या काठी राहायला गेलो. दोन रात्री राहिलो.

जागेचं नाव आणि नंबर लिहीत नाही. मालकांनीच तसं सांगितलंय. आठच तंबू आहेत, गर्दी झाली तर आम्हाला सांभाळता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पावरा आदिवासी कुटुंब आहे, शेत त्यांच्या मालकीचं, यावल अभयारण्याच्या हद्दीबाहेर. पालच्या स्टँडवर चहाच्या टपरीवर विचारलं तर रस्ता सांगतात.

आम्ही चोपडा, यावल, फैजपूर असे गेलो. फैजपूर आलं की मी दर वेळी गाडी हळू करतो. 1936 च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस शांतिनिकेतनहून आले आणि बांबू अन् खेड्यात मिळेल त्या सामानातून त्यांनी अधिवेशनाची सजावट उभी केली. वडील हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. मंडपवाल्याच्या पोराला याहून मोठी गोष्ट कोणती सांगणार? या वेळी मी ती माझ्या मुलाला सांगितली. सावद्यापासून दोन्ही बाजूंना केळीच केळी, मग खिरोदा, आणि पुढे चढ लागला की केळी संपून साग, सालई, अंजन सुरू होतात. सातपुड्यात शिरल्याचं अंगालाच कळतं, काच खाली केली की हवा बदललेली असते.

आता मुद्द्याचं. या जागेची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तंबू नदीपासून लांब आहेत.

हे वाचून काही जण नाराज होतील, कारण नदीकाठचं कॅम्पिंग म्हटलं की तंबूचा पडदा उघडला की समोर पाणी, असंच डोळ्यांपुढे येतं. इथे तसं नाही. पाण्यापासून तंबूपर्यंत मी पावलं मोजली, सत्तर भरली. उंचीने दोन पुरुष तरी वर. मधे करंज आणि अर्जुनाची झाडं आहेत, त्यामुळे तंबूत बसून नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते. खाली काठावर लाकडी बाकडी आणि दोन खाटा टाकल्या आहेत. दिवसभर तिथे बसा, पाय पाण्यात सोडा, कोणी काही म्हणत नाही. अंधार पडला की मात्र मालक सगळ्यांना वर घेतात.

मी विचारलं, "दादा, तंबू इतके वर का?" ते म्हणाले, "गिऱ्हाईक रोज सांगतं, पाण्याजवळ लावा, फोटो चांगला येतो. मी म्हणतो, खाट पाण्याजवळ नेतो, तंबू नेणार नाही." मग मला एका अर्जुनाच्या झाडाखाली घेऊन गेले. माझ्या डोक्याच्या वर हातभर, फांदीच्या बेचक्यात, वाळकं गवत, काटक्या आणि खताच्या गोणीची एक निळी चिंधी अडकलेली होती. घट्ट पिळून अडकलेली, कोणी मुद्दाम बांधावी तशी. तो पावसाळ्यातला पूर. त्या दिवशी त्याच नदीत पाणी गुडघ्याएवढं होतं, डोहात फार तर कमरेएवढं, आणि तळातला एक एक गोटा दिसत होता.

सातपुड्यातल्या नद्यांचं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस वर पडतो, लांब, नदी जिथून येते त्या डोंगरात. चढ उभे, खाली खडक, पाणी मुरायला जागा नाही. तुमच्या डोक्यावर चांदणं असतं आणि नदी भरून येते.

हे मी ऐकून सांगत नाही. सतरा-अठरा वर्षांपूर्वी मुलांच्या एका शिबिराला मी चौदा तंबू भाड्याने दिले होते. कुठलं शिबिर, कुठलं गाव, ते लिहीत नाही. जून लागलेला. पात्रातली वाळू सपाट होती, खुंटी हाताने जात होती, आणि शिबिरवाल्यांना तिथेच तंबू हवे होते. "वर घेऊ या," असं मी एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही, आणि माझ्याच हाताने खुंट्या ठोकल्या. रात्री दोनच्या सुमाराला पाणी आलं. तिथे पावसाचा थेंब नव्हता. मुलं सगळी सुखरूप निघाली, देवाची कृपा. नऊ तंबू गेले, त्यांचं मला काही नाही. पण गुडघाभर पाण्यात एक मुलगा बॅटरी घेऊन आपली चप्पल शोधत उभा होता. त्याला मी दंडाला धरून ओढून वर आणलं. तो मला अजून दिसतो. तेव्हापासून पात्रात तंबू लावायला मी कोणालाही माल दिलेला नाही. म्हणून हा माणूस पैसे सोडून रोजच्या रोज गिऱ्हाइकाला "नाही" म्हणतो, याची किंमत मला कळते.

तंबूही नीट लावलेत. रेडिमेड तंबूबरोबर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ खुंट्या येतात, मुरमाड जमिनीत त्या वाकतात. यांनी लोहाराकडून सळईच्या हातभर खुंट्या करून घेतल्या आहेत, आणि प्रत्येकीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या अंगाला झुकलेलं आहे. सरळ ठोकली की ओढ बसल्यावर खुंटी उपसून येते, हे आमच्याकडच्या नव्या पोरांना शिकवायला मला सहा महिने लागतात. खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर चार बोटंसुद्धा डोकावत नाही. ती बाहेर राहिली तर वरून ओघळलेलं दव तिच्यावर साचतं आणि अंथरुणाखाली शिरतं. गादीखाली वाळल्या गवताचा जाड थर आहे. थंडी खालून येते, वर कितीही गोधड्या घ्या, खाली गवत नसेल तर पाठ गार पडते. माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे, तिला सकाळी विचारलं तर म्हणाली, "माले आठे बरी झोप लागनी." (मला इथे छान झोप लागली.) घरी ती पहाटे तीनला उठून बसते.

मोहाच्या झाडाखाली एकही तंबू नाही. सावली तिथेच सगळ्यात चांगली, तरी नाही. मोह गळायला लागला की अस्वलं येतात, म्हणून ती जागा मोकळी ठेवलेली. शेकोटीचा खड्डा तंबूंपासून पंधरा-वीस पावलं लांब आणि वारा ठिणग्या तंबूंपासून दूर नेईल अशा अंगाला. नायलॉनच्या कापडाला एक ठिणगी पुरते, त्याला बोटाएवढं भोक पडतं आणि ते पुढे वाढतच जातं. जळण जंगलातलं नाही, स्वतःच्या शेतातल्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या काड्या.

पहिल्या रात्री एक चूक सापडली. थंडी लागू नये म्हणून तंबूच्या माथ्याकडच्या जाळीच्या खिडक्या त्यांनी सुतळीने बांधून टाकल्या होत्या. रात्रभर आत माणसं श्वास सोडतात, तो बाहेर जायला वाट नाही, आणि बाहेरून कापड गार. पहाटे आतल्या बाजूला थेंबच थेंब. मुलाच्या पांघरुणाची एक कड ओली झाली. त्याला वाटलं तंबू गळतोय. गळत नव्हता, आमचाच श्वास होता तो. दुसऱ्या रात्री मी आमच्या दोन्ही तंबूंच्या खिडक्या उघडल्या, थंडी जरा जास्त वाजली, पण कापड कोरडं राहिलं. मालकांना हात लावून दाखवलं. त्यांनी काही न बोलता कोयत्याने आठही तंबूंच्या सुतळ्या कापल्या.

आमच्या एका तंबूची चेनही लागत नव्हती. ओढणारी कडी पुढे जायची, दात मागे उघडेच. अशा वेळी लोक चेन फेकायला निघतात, पण बहुतेक वेळा दात चांगले असतात, कडी फाकलेली असते. गाडीतल्या पकडीने मी तिच्या दोन्ही कडा मागच्या बाजूने हलके दाबल्या, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि दातांवर मेणबत्ती घासली. लागली. मालकांचा पंधरा वर्षांचा मुलगा शेजारी उकिडवा बसून बघत होता. दुपारी त्याने माझी पकड मागून नेली आणि आणखी दोन तंबूंच्या चेना स्वतः दुरुस्त केल्या.

जेवण. माणशी नऊशे रुपये घेतात, त्यात संध्याकाळचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता आणि तंबू. शनिवारी भरीत होतं. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकली, साल काळी पडून फुटेपर्यंत हलवली नाहीत. मग सोलून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचली. कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. बरोबर कळण्याची भाकरी, ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेली. थंडीतल्या वांग्याला पाणी कमी सुटतं आणि बिया नावालाच असतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. लग्नात आम्ही हजार पानांचं भरीत बघतो, पण शेकोटीपाशी बसून गरम गरम खाल्लेलं हे वेगळंच. रविवारची शेवभाजी साधी होती, रस्सा पातळ, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

रात्री दिवे नऊला बंद. दुसऱ्या एका ग्रुपने स्पीकर आणला होता, मालकांनी गाडीतून उतरतानाच तो मागून घरात ठेवला आणि जाताना परत दिला. त्यामुळे नदी ऐकू आली. दगडावरून पाणी जातं तो एक आवाज, आणि मधेच डोहाकडून काहीतरी बुडुक होतं तो एक. बायको बराच वेळ जागी होती, मी विचारलं तर म्हणाली, झोप येत नाही म्हणून नाही, ऐकत्येय.

सोमवारी सकाळी त्या मुलाने निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उन्हात बसलेला एक बुटका पक्षी दाखवला. "साधा पिंगळा नाही काका, याच्या डोक्यावर ठिपके नाहीत बघा." रानपिंगळा. 1884 नंतर हा पक्षी कोणाला सापडलाच नव्हता, नामशेष झाला असंच धरलं होतं. 113 वर्षांनी, 1997 साली, तो आपल्याच खान्देशात शहाद्याजवळ पुन्हा दिसला. माझ्या मुलीने वहीत त्याचं चित्र काढलं. तो दहा मिनिटं तरी हलला नाही, मान तेवढी फिरवत होता.

कमी काय आहे तेही सांगतो. संडास दोन, स्वच्छ, पाणीही भरपूर, पण तंबूंपासून वर चौदा दगडी पायऱ्या आहेत आणि त्यातल्या तीन-चार हलतात. सोलरचा दिवा होता, तो बंद. रात्री आईला दोन वेळा हात धरून न्यावं लागलं. म्हातारं माणूस किंवा गुडघ्याचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर सगळ्यात वरचा तंबू मागा, तिथून पायऱ्या निम्म्याच आहेत. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता कच्चा आहे, खाली टेकणारी गाडी असेल तर शेताच्या बांधापाशी लावून चालत या. मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे पैसे रोख घेऊन जा. फोनवर बुकिंग लागतं ते संध्याकाळी सातनंतरच, तेव्हा ते पालला येतात. पावसाळ्यात पूर्ण बंद असतं, आणि होळीआधी भोंगऱ्याच्या, म्हणजे आदिवासींच्या बाजार-उत्सवाच्या, आठवड्यातही.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पायऱ्यांचा कापला.

निघताना मालकांना म्हणालो, पायऱ्यांच्या कडेने बांबूचे खांब रोवून दोर ओढून देतो, धरायला होईल. मंडपात बायकांच्या बाजूला लावतो तसा, अंगठ्याएवढा जाड सुती दोर, हाताला टोचत नाही. चाळीस फूट लागेल, मोजून आलोय. फेब्रुवारीत मुहूर्त दाट आहेत, भोंगऱ्या झाला की मार्चमध्ये घेऊन जाईन.